जिन्याखालची लॅम्ब्रेटा: नुसती चालू करावी की नव्यासारखी बांधावी?

पुण्यातला जुना वाडा पुनर्विकासाला गेला की जिन्याखालच्या, माळ्यावरच्या आणि परसातल्या वस्तूंचा निकाल लावण्याची वेळ घरच्यांवर येते. तांब्याचा बंब कोणीतरी हौसेने नेतो, शिसवी कपाटाला गिऱ्हाईक मिळते, पाटे-वरवंटे नातेवाइकांत वाटले जातात, आणि शेवटी उरते ती कबुतरांच्या विष्ठेने माखलेली, दोन्ही टायर फरशीला चिकटलेली स्कूटर. वाडा रिकामा करण्याची तारीख ठरलेली असल्यामुळे तिच्याविषयीचा निर्णय घाईत होतो आणि तो बहुधा दोनांपैकी एक असतो: भंगारवाल्याला बोलावणे, किंवा ‘एकदम नवी करून टाकू’ म्हणत गाडी थेट रंगाऱ्याच्या दारात नेऊन उभी करणे.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातून अशीच एक लॅम्ब्रेटा ली १५० निघाली. माझ्या काकांनी ती १९६८ मध्ये घेतली होती; १९९१ च्या पावसाळ्यानंतर ती जिन्याखाली गेली ती तीस वर्षे तिथेच राहिली. त्याच सुमारास एका मित्राच्या वाट्याला त्याच्या सासऱ्यांची, त्याच घडणीची गाडी आली. मी मूळ रंगाला हात न लावता फक्त यंत्राचे काम करून गाडी रस्त्यावर आणली; मित्राने त्याची गाडी शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटी केली आणि कारखान्यातून निघाल्यासारखी पुन्हा बांधली. दोन्ही गाड्या आज चालतात. परंतु पैसा, वेळ, कागदपत्रे आणि मनस्ताप यांची वाटणी दोन्ही मार्गांत फार वेगवेगळी झाली, आणि ती आधी ठाऊक असती तर आम्ही दोघांनीही काही कामे निराळ्या क्रमाने केली असती. माझे मत आरंभीच सांगतो: ज्या कामातून मागे फिरता येते ते आधी करावे, आणि ज्यातून फिरता येत नाही ते, म्हणजे मुख्यतः रंगाचे काम, निदान वर्षभर लांबवावे. या मताला अपवाद आहेत. तेही पुढे येतील.

‘मूळ’ म्हणजे नेमके काय

या गाडीला सगळे इटालियन म्हणतात आणि आराखड्यापुरते ते खरे आहे. मिलानच्या लांब्राते भागातल्या इनोचेंती कंपनीने १९४७ मध्ये पहिली लॅम्ब्रेटा बाजारात आणली आणि गाडीला त्या भागावरूनच नाव दिले. १९५८ मध्ये ली मालिका आली: १४८ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन गाडीच्या मध्यरेषेवर बसवलेले, चार गिअर, आणि मागच्या चाकाकडे शक्ती नेणारी साखळी बंद केसिंगमध्ये तेलात फिरणारी. या मालिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत हेडलाइट हँडलवर गेला आणि हँडलाबरोबर वळू लागला. आपल्या रस्त्यांवर दिसली ती हीच आवृत्ती. पण ती मिलानमध्ये नव्हे, तर मुंबईच्या भांडुपमध्ये, ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया म्हणजे एपीआयच्या कारखान्यात तयार होत असे. इटलीत पुढे नव्या मालिका आल्या आणि १९७१ मध्ये तिथले उत्पादनच थांबले, तरी भांडुपची गाडी जवळपास त्याच रूपात, पुढे ‘लॅम्बी’ या नावाने, निघत राहिली. दरम्यान इनोचेंतीची यंत्रसामग्री विकत घेऊन सरकारी स्कूटर्स इंडिया ही कंपनी १९७२ मध्ये लखनौला उभी राहिली आणि तिने ‘विजय सुपर’ काढली. त्या कारखान्यातल्या दुचाकी १९९७ मध्ये बंद झाल्या.

हा इतिहास सुट्या भागांच्या दुकानात उभे राहिल्यावर कामाला येतो. नाना पेठेत ‘लॅम्ब्रेटाचा पार्ट’ म्हणून जे समोर ठेवले जाते ते एपीआयचे असू शकते, लखनौचे असू शकते किंवा अलीकडे कोणीतरी नमुन्यावरून पाडलेले असू शकते. इंजिनाच्या आतले पुष्कळ भाग एकमेकांना चालतात, मात्र क्रँकच्या (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) मॅग्नेटकडील, म्हणजे ठिणगीची वीज तयार होते त्या बाजूच्या, शंकूचे माप जुळते की नाही ते पाहूनच पैसे द्यावेत. पत्र्याचे तसे नाही. विजय सुपरचा आकार पुढच्या पिढीचा असल्याने तिचे मडगार्ड, हँडल किंवा डिकी (बाजूचे झाकण) एपीआयच्या गाडीला बसत नाहीत. तेव्हा जिन्याखालच्या गाडीचा पत्रा पूर्ण असेल, अगदी पोचे आलेला असला तरी, तर ती अर्धी लढाई जिंकलेली आहे असे समजावे आणि तो पत्रा कोणालाही ‘बदलून नवा टाकू’ म्हणून नेऊ देऊ नये. नव्या पत्र्याची जाडी आणि कडांचे वळण जुन्याची बरोबरी करीत नाही, हे मित्राच्या गाडीवर दोन महिन्यांतच कळले.

पुण्यात लॅम्ब्रेटाची तुलना अपरिहार्यपणे बजाजशी होते. पियाजिओच्या परवान्यावर बजाजने १९६० पासून व्हेस्पा बनवली, तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये आकुर्डीहून चेतक निघाली. निर्णयाच्या दृष्टीने दोन्ही घराण्यांत एक मूलभूत फरक आहे. व्हेस्पाच्या घडणीत वेगळी चौकट नसते. दाबून आकार दिलेला पत्रा हाच सांगाडा असतो. त्यामुळे जुन्या बजाजचा फूटबोर्ड खालून कुजला असेल तर गाडीचा कणाच कुजलेला असतो, आणि तिथे ‘रंगाला हात लावायचा नाही’ हा हट्ट धोक्याचा ठरतो. लॅम्ब्रेटाला मध्यातून जाणारी जाड नळीची चौकट आहे. पुढचे लेगशील्ड, फूटबोर्ड आणि दोन्ही बाजूंच्या डिक्या तिच्यावर सुट्या बसवलेल्या असतात. फूटबोर्डला भोक पडले तरी गाडी चालवण्यास सहसा अपाय नसतो आणि तेवढाच भाग स्वतंत्रपणे काढून दुरुस्त करता येतो. माझ्या मार्गाची शिफारस मी लॅम्ब्रेटावाल्यांना जितक्या खात्रीने करीन तितक्या खात्रीने बजाजवाल्यांना करणार नाही. त्यांनी आधी गाडी आडवी करून, टॉर्च आणि टोचणी घेऊन, तळ तपासावा.

यंत्र चालू करण्याचा मार्ग

गाडी बाहेर काढल्यावर पहिला मोह किक मारून पाहण्याचा होतो. तो आवरावा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेल्या असतात आणि एका दणक्यात रिंग तुटून बोअरवर चरा पडू शकतो. आमच्या मिस्त्रींनी प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि टू-टी तेल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) यांचे मिश्रण सोडले, प्लगच्या जागी कापडाचा बोळा लावला आणि आठवडाभर गाडीला हात लावू नका असे बजावले. पुढच्या रविवारी त्यांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि मागचे चाक दोन्ही हातांनी धरून अगदी थोडे पुढे, थोडे मागे असे हलवायला सुरुवात केली. पंधरा-वीस मिनिटे काहीच झाले नाही. मग ओला लाकडी दरवाजा सुटतो तसा एक बारीक आवाज आला, चाक बोटभर जास्त फिरले आणि प्लगच्या भोकातून काळपट तेलाचा थेंब बाहेर आला. ‘साहेब, आधी हिचा आवाज ऐकू, मग रंगाचं बोलू,’ असे ते तेव्हा म्हणाले. पुढच्या साऱ्या कामाचा क्रम त्या वाक्याने ठरला.

पिस्टन सुटला म्हणजे इंजिन बरे झाले असे नव्हे. उभ्या गाडीत सर्वांत आधी वाळतात ती क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी ऑइल सील. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या बंद पेटीत, येते, म्हणून मॅग्नेटकडचे सील गळके असेल तर तिथून जादा हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन आपोआप चढू लागते आणि कात्रजच्या चढावर तापून जाम होते. साखळीकडचे सील गळले तर गिअरचे तेल आत ओढले जाते आणि कितीही फिरवले तरी पांढरट-निळा धूर संपत नाही. दोन्ही सीलांची किंमत एका चांगल्या जेवणापेक्षा अधिक नाही, पण ती बदलण्यासाठी एकीकडे मॅग्नेट आणि दुसरीकडे साखळीचे केसिंग खोलावे लागते. ‘गाडी सुरू झाली ना, मग कशाला’ या विचाराने हे काम टाळणारे लोक महिनाभरात पिस्टनसह परत येतात. इंजिन खोललेच आहे तर क्रँकच्या मोठ्या टोकाचे बेअरिंगही पाहून घ्यावे. दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत त्याच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. पुण्याची हवा या बाबतीत दयाळू आहे. मित्राच्या सासऱ्यांची गाडी अलिबागला होती आणि तिचा क्रँक पूर्ण नवा बसवावा लागला.

बाकीचे काम कष्टाचे असले तरी अवघड नाही. मॅग्नेटखालचे पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे) घासून त्यांतील फट ०.३५ ते ०.४५ मिलिमीटरमध्ये आणली आणि कंडेन्सर बदलला, तेव्हा प्लगवर निळी ठिणगी दिसू लागली. कार्बोरेटर उकळत्या पाण्यात आणि नंतर ब्रशने साफ केला. टाकीत गंज होता. ती काढून आत पातळ फॉस्फरिक आम्ल आणि मूठभर नट घालून हलवली, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली आणि उन्हात वाळवून आतून लगेच तेलाने भिजवली. टाकी तयार होईपर्यंत मिस्त्रींनी हँडलला सलाइनसारखी एक बाटली टांगून तिच्यातून कार्बोरेटरला पेट्रोल दिले, आणि तीस वर्षांनंतरची पहिली किक त्या बाटलीवर लागली. पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर, सर्व वायरी, टायर-ट्यूब, ब्रेक लायनर आणि इंजिन ज्यांच्यावर डोलते ते रबरी सायलेंट ब्लॉक नवेच घालावेत. टायरची जाळी कितीही शाबूत दिसली तरी त्याचे रबर मेलेले असते. गिअरच्या पेटीत ९० नंबरचे तेल साधारण ७०० मिलिलिटर लागते.

दोन शंका सर्वत्र विचारल्या जातात. बिनशिशाच्या पेट्रोलने जुने इंजिन खराब होईल का, ही पहिली. शिशाने फोर-स्ट्रोक इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींची झीज रोखली जात असे. या इंजिनात व्हॉल्व्हच नाहीत, त्यामुळे ती चिंता सोडून द्यावी. दुसरी शंका इथेनॉलची आहे आणि ती रास्त आहे. सध्याच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर फुगते आणि उभ्या गाडीच्या टाकीत पाणी ओढले जाते. नळ्या आधुनिक दर्जाच्या घालणे, गरज पडल्यास कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल जाण्याचे भोक) एक आकडा मोठा करणे आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करणे, एवढे त्यावर पुरते. लिटरला ४० मिलिलिटर टू-टी तेल मी हाताने मिसळतो. पंपावरचा पोऱ्या प्रत्येक वेळी ‘काका, हे काय?’ विचारतो.

रंगाचे मी काय केले? जवळजवळ काहीच नाही. रॉकेलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने तीस वर्षांची तेलकट धूळ काढली तेव्हा तिच्याखालचा फिकट हिरवा रंग अपेक्षेपेक्षा चांगला निघाला, कारण त्या तेलकट थरानेच पत्र्याला गंजापासून जपले होते. गंजाचे तांबूस डाग पातळ ऑक्झॅलिक आम्लाने बरेच उतरले. ज्या जागी पत्रा उघडा होता तिथे पारदर्शक लॅकरचा हात दिला. लेगशील्डवर काकांच्या बुटांच्या टाचांनी पडलेले दोन ओरखडे आहेत, ते तसेच आहेत.

सारे सुटे करून बांधण्याचा मार्ग

मित्राची गाडी पाहिल्यावर कोणालाही तीच हवी असे वाटते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. दुरंगी रंगकाम, झळझळीत क्रोम, नव्या रबरी पट्ट्या. गुढीपाडव्याच्या सकाळी ती त्याच्या सोसायटीच्या फाटकात उभी होती तेव्हा शेजाऱ्यांनी रांगेने फोटो काढले. यंत्राच्या कामात त्याच्या आणि माझ्या गाडीत फारसा फरक नाही. सील, बेअरिंग, बोअर, पिस्टन, क्लचच्या प्लेटी, साखळी हे सर्व दोघांनीही केले. म्हणजे त्याने जो जादा खर्च केला तो जवळजवळ सर्व पत्रेकाम, रंग, क्रोम आणि बाह्य भागांवर झाला. दोघांच्या वह्या समोरासमोर ठेवल्या तेव्हा त्याचा एकूण खर्च माझ्या साडेचार पट भरला. माझी गाडी पाच महिन्यांत चालू लागली, त्याची अडीच वर्षांत. त्यातील दीड वर्ष गाडी कोणाच्या ना कोणाच्या शेडमध्ये आपल्या पाळीची वाट पाहत होती.

या मार्गातला धोका बहुतेक वेळा रंगाच्या आधीच्या टप्प्यात असतो. जुना रंग उतरवण्यासाठी पत्रा वाळूच्या माऱ्याखाली घालतात. जाड चौकटीला तो मानवतो, पण डिकीसारख्या रुंद आणि पातळ पत्र्यावर जोर जास्त झाला तर पत्रा तापून लाटेसारखा वळतो आणि मग तो सरळ करण्यासाठी पुटिंगचे थर चढवले जातात. मित्राच्या एका डिकीचे असेच झाले. रंगल्यावर ती आरशासारखी दिसली, परंतु फ्रिजवर लावायचा चुंबक तिच्या मध्यावर चिकटेना, इतका पुटिंगचा थर जाड होता. अशी रंगवलेली तयार गाडी कोणी विकत घेत असेल तर खिशात चुंबक ठेवावा, एवढे सांगतो. पातळ भागांचा रंग रसायनाने उतरवून घ्यावा आणि वाळूचा मारा चौकट, चाकांच्या रिंगा आणि स्टँडपुरता ठेवावा, असे आम्हाला नंतर एका अनुभवी पत्रेवाल्याने सांगितले. ते आधी विचारायला हवे होते.

पावडर कोटिंग की साधा रंग, हा त्यातलाच उपप्रश्न. भोसरीच्या औद्योगिक भागात पावडर कोटिंग स्वस्त आणि झटपट होते आणि चौकटीला ते चांगले टिकते. मात्र त्यावर ओरखडा गेला तर तेवढ्याच जागी जुळवून रंग लावता येत नाही, आणि एखाद्या कोपऱ्यात ओलावा आत शिरला तर वरची कातडी शाबूत राहून खाली गंज पसरतो. दिसणाऱ्या भागांना फवाऱ्याचा रंगच बरा. शिवाय पावडरचा थर जाड असतो. मित्राच्या बाबतीत, ज्या कारखान्यात चौकट दिली होती तिथे चेसिस क्रमांकाच्या पट्टीवर चिकटपट्टी लावायला सांगूनही ती लावली गेली नाही. क्रमांकाची अक्षरे आधी वाळूने पुसट झाली आणि नंतर पावडरने भरून गेली. त्याचा त्रास कागदपत्रांच्या वेळी झाला.

नव्यासारख्या गाडीचा आणखी एक परिणाम मला अपेक्षित नव्हता. मित्र ती फारशी चालवत नाही. जूनमध्ये तिच्यावर आच्छादन पडते ते दसऱ्याला निघते. मंडईत पार्किंगमध्ये कोणी घासेल म्हणून ती तिकडे जात नाही. लक्ष्मी रस्त्याचा तर प्रश्नच नाही. आणि उभ्या गाडीच्या टाकीत इथेनॉलचे पेट्रोल, कार्बोरेटरमध्ये वाळलेले तेल, पुन्हा तेच चक्र. ज्याला गाडी प्रामुख्याने पाहायची आणि दाखवायची आहे त्याला याचे दुःख नाही. ज्याला ती चालवायची आहे त्याने आपला स्वभाव ओळखून ठरवावे.

कागद

रंगाचा निर्णय होण्यापूर्वी कागद तपासावेत, कारण एका तरतुदीचा रंगाशी थेट संबंध आहे. खासगी वाहनाची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची आणि नंतर पाच-पाच वर्षांच्या नूतनीकरणाची असते. तीस वर्षे उभ्या गाडीचे नूतनीकरण साहजिकच झालेले नसते आणि थकलेले शुल्क, पर्यावरण कर व प्रत्यक्ष तपासणी यांतून जावे लागते. मालक हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर हस्तांतर करावे लागते; त्यासाठी ३१ क्रमांकाचा नमुना आहे आणि इतर वारसांची संमती जोडावी लागते. आमच्या घरी गाडी चालू होण्यापेक्षा चार चुलत भावंडांच्या सह्या मिळायला जास्त वेळ लागला.

दुसरा पर्याय २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या ‘व्हिंटेज’ नोंदणीचा आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. पण तीत दोन अटी आहेत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, केवळ प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा कारणांसाठी आणता येते. आणि गाडी मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठे फेरबदल न झालेली असावी लागते. मूळ रंगाची गाडी या अटीला सहज उतरते. बदललेले इंजिन, डिस्क ब्रेक किंवा आधुनिक स्कूटरचे भाग घातलेली गाडी अडचणीत येऊ शकते. ज्याला गाडी रोज दूध आणायला न्यायची आहे त्याने साधे नूतनीकरण करावे, ज्याला वर्षातून चार वेळा मिरवायची आहे त्याने व्हिंटेजचा विचार करावा.

दोन्ही मार्गांत अधिकारी चेसिस आणि इंजिन क्रमांकांचा पेन्सिलचा ठसा मागतो. गाडी सुटी करण्याआधी, गंज असतानाच, पातळ कागद ठेवून असे चार-पाच ठसे घ्यावेत आणि क्रमांकाचे जवळून फोटो काढून ठेवावेत. माझ्या ठशात ‘८’ आणि ‘३’ यांच्यातला फरकही स्पष्ट आला. मित्राला पावडर खरवडून, भिंगाने पाहून, तीन वेळा तपासणीला जावे लागले.

मग कोणी काय करावे

गाडीचा पत्रा पूर्ण असेल आणि तिच्यावर निम्म्याहून अधिक मूळ रंग शिल्लक असेल तर माझ्या मते प्रश्नच उरत नाही: यंत्र चालू करावे, वर्षभर चालवावी आणि मग रंगाकडे पाहावे. वर्षभर चालवल्याने हँडलच्या बेअरिंगची गोळी ढिली आहे का, गिअर सुटतो का, मागच्या चाकाचा हब आपल्या शंकूवर नीट बसला आहे का, हे दोष वर येतात. ते दुरुस्त करताना गाडी पुन्हा खोलावी लागते, आणि नव्या रंगावर पान्याचा पहिला ओरखडा पडला की माणसाला जे दुःख होते ते मी मित्राच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. हबचा नट तर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा कसावाच. तो ढिला राहिला तर आतले दाते झिजतात आणि महागडा शाफ्ट जातो.

उलट, गाडी पूर्वीच दोन-तीनदा कसल्यातरी रंगाने रंगवलेली असेल, किंवा ती बजाज असून तळ कुजलेला असेल, किंवा अर्धा पत्रा हरवलेला असेल, तर जपण्यासारखे मूळ काही उरलेलेच नसते. तिथे मित्राचा मार्ग योग्य, आणि तो करायचाच तर अर्धवट करू नये. मूळ रंग कोणता होता हे टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत किंवा टाकीखालच्या पत्र्यावर हमखास सापडते; तिथला तुकडा दाखवून रंग जुळवून घ्यावा. पैसे हप्त्याहप्त्याने द्यावेत, प्रत्येक शेडमध्ये देताना सर्व भाग मोजून फोटो काढावेत, आणि क्रोमला दिलेले छोटे भाग, विशेषतः डिकीची हँडले, स्वतः घेऊन जावेत आणि स्वतः परत आणावेत. पिशव्यांतून भाग हरवतात, आणि बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात तसाच भाग दिसला तरी तो आपलाच होता का हे सांगता येत नाही.

विकण्याचाही पर्याय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र विकायची असेल तर आहे त्या स्थितीत, कागदांसह विकावी. विक्रीसाठी म्हणून केलेला रंग क्वचितच आपला खर्च भरून देतो, कारण जाणकार गिऱ्हाईक रंगाखाली काय आहे याचीच चौकशी करते.

माझ्या गाडीचा फूटबोर्ड डाव्या बाजूला, रबरी पट्टीखाली, आता बोटाने दाबला तर वाकतो. यंदाच्या पावसाने ती जागा रुपयाएवढी वाढली आहे. दिवाळीनंतर तेवढा पत्रा काढून नवा तुकडा वेल्ड करायचा आहे, आणि त्या एका तुकड्याला जुन्या फिकट हिरव्याशी जुळणारा रंग द्यायचा की उघड्या पत्र्यावर नुसते लॅकर, यावर मिस्त्रींचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही.